तुम्ही विचारलेत म्हणून: कोॲक्सियलच का?

“घरच्या स्टुडिओसाठी कोॲक्सियल मॉनिटरच का घेतलेत, आणि आम्हीही तेच घ्यावेत का?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की, विचारणाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे की माझी खरेदी चैन होती हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचे आहे, हे आता पहिल्या वाक्यातच कळते. नवख्यांसाठी एवढेच: मॉनिटर म्हणजे मिक्सिंग करताना, म्हणजे गळा आणि वाद्ये यांच्या पातळ्या जुळवताना, ऐकायचा स्पीकर. त्यात खालच्या स्वरांसाठी मोठा वूफर, वरच्या स्वरांसाठी छोटा ट्वीटर आणि दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर असतो. कोॲक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवलेला असतो.

फॅशनच्या मागे लागल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. असा ट्वीटर बसवणे ही कालपरवाची कल्पना नव्हे. आल्टेक लान्सिंग कंपनीचा ६०४ हा स्पीकर १९४० च्या दशकातला आणि टॅनॉय कंपनीचा ड्युअल कॉन्सेंट्रिक १९४७ चा. केईएफ कंपनीने १९८८ मध्ये निओडायमियमच्या छोट्या पण जोरकस चुंबकामुळे ट्वीटर वूफरच्या शंकूच्या गळ्याशी नेऊन बसवला, आणि ही रचना लहान खोक्यात मावू लागली. उलट या जुन्या कल्पनेला नावे ठेवणाऱ्यांत एके काळी मीच होतो. खुर्ची एक, मिक्सिंग करणारा एक, त्याचे कान ठरलेल्या उंचीवर. मग आवाज वर आणि खाली कसा पसरतो याची चिंता कशाला करायची, असे माझे म्हणणे असे. ते मला आजही तकलादू वाटत नाही.

मग एका गायिकेच्या गाण्याचे काम आले. टेबलावर नेहमीचे, ट्वीटर वर आणि वूफर खाली असे मॉनिटर होते. मी खुर्चीत आणि त्या माझ्या मागे उभ्या. त्यांचे म्हणणे एकच होते, की आवाज वाद्यांच्या मागे गेला आहे आणि शब्द कळत नाहीत. मला तर तो अगदी पुढे, जवळजवळ अंगावर येणारा ऐकू येत होता. मी त्यांच्या आग्रहाखातर वाद्यांच्या तुलनेत त्यांचा आवाज वाढवला, तेव्हा त्यांचे समाधान झाले आणि माझे कान दुखू लागले. पुन्हा कमी केला, तर त्यांचा चेहरा पडला. असे बराच वेळ चालले. शेवटी त्या अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या, “तुम्हाला माझा आवाजच आवडत नसेल, तर तसे सांगा.” हे वाक्य मला लागले, कारण मी काम घेतले होते तेच मुळी त्या आवाजासाठी. काही न बोलता मी उठलो आणि दमून त्या खुर्चीत बसल्या. गाणे सुरूच होते. त्यांनीच नुकत्याच पसंत केलेल्या पातळीवर लावलेला आवाज ऐकून त्यांनी विचारले, “हा इतका टोचरा कोणी केला?” आणि उभ्याउभ्या मला त्यातले शब्द ऐकू येईनात. आम्ही जागा पुन्हा बदलून पाहिल्या. दोघेही खरे बोलत होतो.

नंतर हिशेब मांडला. वूफर आणि ट्वीटर यांच्या केंद्रांत सुमारे १८ सेंटिमीटर अंतर, आणि मी साधारण ७० सेंटिमीटरवर. कान ट्वीटरच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर वर गेले की वूफरचा आवाज ट्वीटरच्या आवाजापेक्षा जवळजवळ ९ सेंटिमीटर जास्त चालून येतो. दोन किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी १७ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे हा फरक अर्ध्या लांबीएवढा झाला. आणि क्रॉसओव्हर नेमका त्याच परिसरात असल्यामुळे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. गाण्यातले शब्द ज्यामुळे स्पष्ट कळतात त्याचा मोठा भाग तिथेच असतो. कोॲक्सियलमध्ये दोन्ही एकाच बिंदूपासून निघतात, त्यामुळे मान वर-खाली केल्याने हा खड्डा पडत नाही.

इथे माझ्यातला जुना माणूस विचारतो, की मग तेच मॉनिटर वरच्या बाजूला थोडे कलते करून गायिकेला दुसरी खुर्ची का दिली नाहीस? प्रश्न रास्त आहे. त्याने बहुधा भागलेही असते. परंतु माझ्या खोलीत ऐकणारे कधी बसतात, कधी दाराशी उभे राहतात, आणि प्रत्येकाला उंची ठरवून बसवणे मला जमणारे नव्हते.

शिवाय कोॲक्सियलने मला नवी कुरकूर दिली आहेच. वूफरचा शंकू हाच ट्वीटरचा कर्णा असतो. खर्जाच्या स्वरांना तो पुढेमागे हलू लागला की कर्ण्याचा आकारच हलतो, आणि बास गिटार जोरात असताना गायकाच्या आवाजावर हलकीशी खरखर चढते. जेनेलेक कंपनीने २०१४ च्या ८३५१ या मॉनिटरमध्ये वूफर वेगळे करून पुढच्या पृष्ठभागामागे दडवले आणि मधल्या शंकूवरचे हे ओझे काढले, पण ती वस्तू माझ्या आवाक्यातली नव्हती. मी ८० हर्ट्झखालचे सगळे सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे, वळवले. खरखर बरीच कमी झाली, आणि आता तो सबवूफर लहान खोलीत कुठे ठेवावा हा वाद माझा माझ्याशीच चालू आहे.

खोलीने तर या खरेदीची दखलच घेतलेली नाही. मॉनिटरचा दर्शनी भाग त्याच्या मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर आहे; भिंतीवर आपटून परतणारा आवाज मूळ आवाजाला खातो, म्हणून १४३ हर्ट्झच्या आसपास जी पोकळी आधी होती ती तशीच आहे. टेबलावरून उसळणारा आवाजही तसाच. हेच पैसे आवाज शोषणाऱ्या, खनिज लोकरीच्या जाड पॅनेलमध्ये घातले असते तर अधिक ऐकू आले असते, असे जुना माणूस म्हणतो, आणि मी त्याला गायिकेची आठवण करून देतो, पण ते त्याच्या मुद्द्याचे उत्तर नव्हे हे मलाही कळते.

तेव्हा मला विचारण्याआधी एकाच मॉनिटरवर पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग सळसळाट) लावा आणि खुर्चीतून सावकाश उठा. आवाजाचा पोत बदलला आणि तुमच्याकडे दुसरे कोणी ऐकायला येत असेल, तर माझे कारण तुमचेही आहे. तुम्ही कायम एकटेच काम करत असाल, तर जुना माणूस तुमच्या बाजूने आहे, आणि त्याला खोडून काढणे मला अजून जमलेले नाही.