जामीन मिळाला म्हणजे सुटला का? आणि पोलिसांच्या झडतीला पंच म्हणून सही करायला आपण का घाबरतो?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोरीची नायतर मारामारीची बातमी आली की चार-आठ दिवसांनी मागोमाग दुसरी बातमी येतेच, संशयिताला सशर्त जामीन. आणि मग सुरू होतं, "सेटिंग झाली", "पोलिसांनी पैसे घेऊन सोडला", "आपल्याकडे न्यायच नाही". मी म्हापसा आणि डिचोलीच्या कोर्टात वकिली करते आणि हे वाचून मला खरंच त्रास होतो, कारण लिहिणारी माणसं चांगली असतात, त्यांचा रागही खरा असतो, पण तो नको तिथे निघतो आणि जिथे आपण काहीतरी करू शकतो तिथे मात्र कोणी येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे म्हणून गुन्ह्याचे नियमही वेगळे असतील असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पोर्तुगीज सिव्हिल कोड लग्न, वारसा, नवरा-बायकोची मालमत्ता अशा गोष्टींसाठी. गुन्ह्यांसाठी अख्ख्या देशाला जे कायदे तेच आपल्याला, आणि ते 1 जुलै 2024 पासून बदललेत. 1860 च्या आयपीसीच्या (कुठला गुन्हा, किती शिक्षा) जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या (तपास, अटक, खटला कसा चालवायचा) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पण त्या तारखेच्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच कलमाखाली चालतो, म्हणून पेपरात खुनासाठी कधी 302 दिसतं कधी 103, दोन्ही बरोबर.

आता कोण काय ठरवतं ते बघा, कारण सगळा घोळ इथेच आहे. पोलीस तपास करतात, एवढंच. शिक्षा पोलीस देत नाहीत आणि निर्दोषही पोलीस ठरवत नाहीत. अटक केली तर 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, हे थेट घटनेच्या कलम 22 मध्ये आहे, आणि पुढे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी की जामीन हे कोर्ट ठरवतं. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी स्टेशनच्या लॉकअपमध्ये, ती मिळून जास्तीत जास्त 15 दिवस. न्यायालयीन कोठडी म्हणजे कोलवाळचा तुरुंग. खटला चालवतात सरकारी वकील, आणि तो तुमच्या नावाने नाही, सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, त्यामुळे फिर्याद देणाऱ्याला वकिलाचा खर्च करावाच लागतो असं काही नाही. आणि शेवटी निकाल न्यायाधीशांचा.

जामिनाचं म्हणाल तर जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला उभाच असतो, तारखांना यावंच लागतं, हमीदार द्यावा लागतो, कधी पासपोर्ट जमा, कधी ठरावीक दिवशी स्टेशनात हजेरी, कधी परवानगीशिवाय गोव्याबाहेर जायचं नाही. अट मोडली तर जामीन रद्द करून घेता येतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा त्याचा हक्कच असतो, तिथे पोलिसांनी सोडलं तर त्यांनी कायदाच पाळलेला असतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात तर सरसकट अटक करूच नका, आधी नोटीस देऊन बोलवा, अटक केली तर कारण लिहा, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्णेश कुमारच्या निकालात बजावलंय. लोकांना वाटतं अटक म्हणजेच शिक्षा, आणि तो समज मोडायला फार जड जातो. पण विचार करा, देशभरातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन जण असे आहेत की ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यातला एखादा तुमचा भाऊ असला, शेजाऱ्याने जमिनीच्या भांडणातून नाव घातलेला, तर तुम्हीच माझ्याकडे याल ना, मॅडम काय पण करा जामीन काढा म्हणून. येतातच लोक, रात्री दहाला फोन करतात.

एका प्रकारच्या जामिनावर मात्र रागवा, आणि तोही योग्य माणसावर. आरोपी कोठडीत असताना तपास पूर्ण करून आरोपपत्र 60 दिवसांत द्यायचं असतं, दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा, जन्मठेपेचा, फाशीचा गुन्हा असेल तर 90 दिवसांत, ड्रग्जच्या मोठ्या केसमध्ये 180. तेवढ्यात आलं नाही आणि आरोपीने अर्ज केला की जामीन द्यावाच लागतो, न्यायाधीशांच्या हातात काही राहत नाही. तिथे कोर्टाला शिव्या घालून काय उपयोग? विचारायचं असेल तर तपास अधिकाऱ्याला विचारा, आणि तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर तपास कुठवर आला ते 90 दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं नवीन कायद्याने पोलिसांवर बंधनकारक केलंय. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आता थोडं मागे, एफआयआर. "कम्प्लेंट दिली" म्हणून लोक सांगतात आणि हातात असतो अर्जावरचा पोचेचा शिक्का. तो एफआयआर नव्हे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय करू शकतात असा, असेल तर पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा, 2013 च्या ललिता कुमारी निकालापासून यात शंका उरलेली नाही, फक्त तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा आता दिलीय. नोंदवला की प्रत फुकट मिळते, मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. पणजीहून सावंतवाडीला जाताना बसमधून बॅग गेली आणि बांद्याला उतरल्यावर कळलं तर जवळच्या स्टेशनात झिरो एफआयआर द्या, पुढे पाठवायचं काम त्यांचं. फोनवरून, ऑनलाइन कळवलं तरी चालतं पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि घेतच नसतील तर एसपींना (पोलीस अधीक्षकांना) लेखी पाठवा, तिथूनही काही झालं नाही तर ॲफिडेव्हिट लावून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. मारामारीत साधी दुखापत, नुसती शिवीगाळ, पाच हजारांच्या आतली साधी चोरी हे अदखलपात्र, त्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपासच करू शकत नाहीत, तिथे "पोलीस काही करत नाहीत" हे अर्धंच खरं.

हे सगळं झालं कागदाचं. मला खरं बोलायचंय ते पुढच्याबद्दल, कारण केस इथे पडते.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. "त्याने कबूल केलं" असं पेपरात छापून आलं की लोकांना वाटतं संपलं, काही संपलेलं नसतं. साक्षीदाराने पोलिसांना दिलेला जबाबही तसा पुरावा नव्हे, त्यावर तर सहीसुद्धा घ्यायची नसते. पुरावा म्हणजे तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शपथेवर जे सांगता आणि उलटतपासणीत जे टिकतं ते. म्हणजे कितीही मोठा अधिकारी असू दे, कितीही मोठी फाइल असू दे, शेवटी सगळा भार दोन-तीन साध्या माणसांवर येतो. आणि ती माणसं येत नाहीत.

आमच्या बाजारातले एक दुकानदार काका, समोरच्या गल्लीत चोरीचा माल सापडला तेव्हा पोलिसांनी पंच म्हणून, म्हणजे झडती-जप्ती बघून पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार म्हणून, बोलावलं तर शटर ओढून घरी गेले. मला म्हणाले, "मॅडम, एक सही केली तर आयुष्यभर कोर्टाच्या फेऱ्या, वर त्या पोरांचा राग. माझं दुकान कोण बघणार?" मी म्हटलं, "काका, तुमच्याच दुकानात चोरी झाली असती तर पंच कुठून आणला असता?" ते गप्प बसले, पण खरं सांगायचं तर त्यांची भीती खोटी नाही. खटले वर्षानुवर्षं चालतात, कोर्टात सकाळी दहाला येऊन बसायचं आणि दुपारी कळतं की आरोपीचा वकील आजारी, पुढची तारीख. साक्षीदाराला बसायला धड जागा नाही, पाणी नाही आणि त्याच बाकावर बाजूला आरोपीची माणसं. हे बदलायला हवं असं मी बार असोसिएशनमध्येही बोलते आणि इथेही लिहिते.

तरी या. पंचाचं काम कठीण नाही. झडती तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, नंतर स्टेशनात बोलावून तयार कागदावर सही मागितली तर करू नका. काय सापडलं, कुठे, किती वाजता, वजन किती, पाकीट सील कसं केलं, लेबलावर तुमची सही आहे का, हे बघा आणि पंचनामा वाचूनच सही करा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. ड्रग्जच्या केसमध्ये तर अख्खा खटला त्या सीलवर आणि वजनावर उभा असतो. आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करणं कायद्यानेच सक्तीचं आहे, त्यामुळे पंच खोटा पडायची भीतीही कमी झालीय. आणि हो, योग्य कारण नसताना पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे, पण कोणी त्या भीतीने यावं असं मला वाटत नाही.

अपघाताचं वेगळं, ते चटकन सांगते. हायवेवर पडलेल्याला हॉस्पिटलात नेणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, मोटर वाहन कायद्यात 2019 मध्ये तशी तरतूद आलीय. तेव्हा गाडी थांबवा.

आपल्या किनारपट्टीवर साक्षीदारांचा अजून एक प्रश्न आहे जो बाहेरच्यांना कळत नाही. कळंगुट, हणजूण, मोरजी, तिथे घटना घडते तेव्हा बघणारा कोण असतो? शॅकवर (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात) काम करणारा नेपाळचा किंवा झारखंडचा मुलगा, सुट्टीवर आलेला टुरिस्ट. पावसाळ्याआधी शॅक उतरतात, मुलगा गावी जातो, नंबर बदलतो, टुरिस्ट तर आधीच गेलेला. खटला उभा राहतो तेव्हा समन्स त्या पत्त्यावर जातो जिथे आता माडाखाली नुसती वाळू असते. 2008 मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर एका 15 वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला, सगळ्या जगात गाजली ती केस. त्यातला एक महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. 2016 मध्ये चिल्ड्रन्स कोर्टाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं, आणि मग अपिलात 2019 मध्ये हायकोर्टाने त्यातल्या एकाला दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली. मृत्यूपासून शिक्षेपर्यंत अकरा वर्षं, एका आईने एवढी वर्षं वाट बघितली. म्हणून मला वाटतं की बाहेरगावच्या साक्षीदाराचा जबाब पहिल्या काही दिवसांतच मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्यायला हवा आणि साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला हवी, दोन्हीची सोय कायद्यात आहे, ती वापरा म्हणून पीडिताच्या घरच्यांनी तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी सांगावं. तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये राहत नाही.

या केसवरून हेही दिसतं की खालच्या कोर्टात निर्दोष सुटला म्हणजे तिथेच संपलं असं नाही, सरकार अपील करू शकतं आणि पीडितालाही अपिलाचा स्वतःचा हक्क आहे. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे खरं, आणि मी आरोपींच्याही बाजूने उभी राहते म्हणून ठामपणे सांगते की तो मिळायलाच हवा, नाहीतर कोणाचंही नाव कोणीही घालेल. पण तो संशय साक्षीदार घरी बसल्यामुळे तयार झालेला नसावा.

कोणी धमकी देत असेल तर गप्प राहू नका. 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो, सरकारी वकील किंवा पोलीस तो पुढे देतात. पोलिसांना जबाब द्यायचा असेल तर बाईमाणसाला, 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 60 वर्षांवरच्या पुरुषांना स्टेशनात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा, बाईला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

आणि साक्षीचा समन्स आला तर आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटून आपला जबाब एकदा बघून घ्या, जेवढं पाहिलं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. प्रवासाचा भत्ता मिळतो, तो मागा. आणि समन्सवर कोर्टाचा पत्ता नीट वाचा, उत्तर गोव्याचं जिल्हा कोर्ट आता मेरशीला आहे, लोक अजून पणजीच्या जुन्या इमारतीत जाऊन चुकतात आणि तारीख हुकते.