एरर बार आणि पट्टे: तिसऱ्या फेरीची नोंद

गटवार यशाचं प्रमाण दाखवणारा, पायथनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीतला आलेख आता दुरुस्त आहे. प्रत्येक गटात १० चाचण्या. आधीच्या फेरीत ‘प्रमाण ± १.९६ × स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे येणारी अंदाजित चूक)’ हे साधं सूत्र होतं आणि १० पैकी ९ यश असलेल्या गटाच्या एरर बारचं (अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेघेचं) वरचं टोक १.०८६ वर जात होतं. शंभर टक्क्यांहून जास्त यश असूच शकत नाही, तरी ही चूक सहसा नजरेतून सुटते. याचं कारण असं, की संख्याशास्त्राच्या स्टॅट्समॉडेल्स लायब्ररीतलं ‘प्रपोर्शन_कॉन्फइंट’ हे फंक्शन पद्धत न सांगितल्यास ‘नॉर्मल’ धरतं आणि टोक गुपचूप १ वर छाटतं. पद्धत ‘विल्सन’ दिली की त्याच गटाचा पल्ला ०.५९६ ते ०.९८२ येतो. १९२७ सालचं हे सूत्र छोट्या नमुन्यांसाठी आजही पहिली निवड ठरावं.

खरी मेहनत पुढे आहे. मॅटप्लॉटलिबच्या ‘एररबार’ला टोकं नको असतात, बिंदूपासूनची अंतरं हवी असतात: खाली ०.३०४, वर ०.०८२. चुकून टोकंच दिली तर रेघ ०.३०४ पासून १.८८२ पर्यंत ताणली जाते. अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) दोन ओळींचा लागतो. पहिली ओळ खालच्या अंतरांची, दुसरी वरच्या. ओळी-स्तंभ उलटे पडले तर एरर येतो, पण नेमके दोनच गट असतील तर २×२ अ‍ॅरे बिनतक्रार स्वीकारला जातो आणि रेघा चुकीच्या निघतात. म्हणून तपासणी नेहमी तीन गटांवर करावी.

१० पैकी १० यश असलेल्या गटात आणखी एक खोच आहे. विल्सनचं वरचं टोक तिथे बरोबर १ असायला हवं. दशांशांच्या गणितात ते केसभर कमी भरू शकतं, अंतर ऋण होतं आणि ‘एररबार’ काम थांबवतं. अशा वेळी सरसकट ‘मॅक्सिमम’ (दोन आकड्यांतला मोठा घेणारं फंक्शन) लावून ऋण आकडे शून्य करू नयेत. वजाबाकी उलटी झाली असेल तर तीही त्याखाली दडते. आधी ऋण अंतर किती आहे ते पाहावं. एक-अब्जांशाच्या आतलं असेल तरच शून्य करावं.

रिग्रेशनच्या (आकड्यांवर बसवलेल्या रेषेच्या) पट्ट्याला ‘फिल_बिटवीन’ वापरलं आहे. त्याला मात्र टोकंच लागतात. क्ष-मूल्यं आधी चढत्या क्रमाने लावावीत, नाहीतर पट्ट्याचा गुंता होतो. अल्फा (रंगाचा अपारदर्शकपणा) ०.२, रेघेची जाडी ०. स्टॅट्समॉडेल्सच्या ‘समरी_फ्रेम’मध्ये दोन जोड्या मिळतात: ‘मीन_सीआय’ म्हणजे सरासरी रेषेबद्दलची अनिश्चितता, ‘ऑब्स_सीआय’ म्हणजे नवीन एकेका निरीक्षणाचा अपेक्षित पल्ला. निरीक्षणं वाढवली की पहिला पट्टा बारीक होत जातो. दुसरा एका मर्यादेपुढे होत नाही. अरुंद पट्टा छान दिसतो म्हणून तोच अंदाजाचा पट्टा म्हणून दाखवणं ही वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल आहे. इथे दोन्ही काढले आहेत, बाहेरचा फिकट, आतला गडद, आणि कोणता कशाचा ते आलेखावरच लिहिलं आहे.

मॅटप्लॉटलिबवर आधारलेल्या सीबॉर्न लायब्ररीच्या ०.१२ आवृत्तीपासून ‘सीआय’ऐवजी ‘एररबार’ हा पर्याय वापरायचा. सरासरीसाठी काहीच न दिल्यास १००० बूटस्ट्रॅप नमुन्यांवरून (मूळ आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवडलेल्या) ९५ टक्के इंटरव्हल निघतो. ‘सीड’ (यादृच्छिक निवड तीच ठेवणारा आकडा) दिला नाही तर दर वेळी टोकं किंचित हलतात.

बाकी काम: सरासरीच्या आलेखात ५ निरीक्षणांच्या गटांना १.९६ च्या जागी टी-वितरणाचा २.७७६ लावायचा आहे, आणि एकावर एक येणाऱ्या रेघा क्ष-अक्षावर ०.१ ने सरकवायच्या आहेत.