नायट्रसचा काटा आणि माझी पहिली नळी

रविवारी आईचा फोन झाला. शेजारच्या काकूंनी तिला विचारलं होतं, "पोरगी इतकी वर्षं नर्स आहे ना, मग आता पुन्हा कसली शाळा?" आईने सांगितलं, भूल द्यायला शिकतेय. काकू म्हणाल्या, ते तर डॉक्टर देतात! आईला पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून तिने मला फोन लावला.

काकूंचं चूक नाही. सांगलीला ऑपरेशन थिएटरमध्ये असताना मीही अँप्यूल फोडून, सिरिंज भरून भुलीच्या डॉक्टरांच्या हातात द्यायचे आणि बाजूला उभी राहायचे. इथे अमेरिकेत मात्र नर्सने भूल देणं शंभर वर्षांहून जुनं आहे. मेयो क्लिनिकमधल्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सने १९०६ मध्ये आपल्या चौदा हजारांवर भुलींचा आढावा छापला. ईथरचे थेंब मास्कवर सोडताना ती पेशंटशी सतत बोलत राहायची. भुलीमुळे दगावलेला त्यात एकही नाही.

आता तिच्या वारसदारांना डॉक्टरेट लागते. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना ती सक्तीची झाली. आधी आयसीयूतला किमान एक वर्षाचा अनुभव, मग किमान ३६ महिन्यांचा कोर्स, ६०० केसेस, २,००० तास क्लिनिकल. नोकरी सोडावी लागली. कर्जाबद्दल आईला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

पहिल्या सत्रात मला औषधांची भीती होती, पण छळलं ते फिजिक्सने. भुलीच्या मशीनमागे छोटे सिलिंडर असतात, त्यावर दाब दाखवणारा काटा. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण ६६० लिटर. काटा अर्ध्यावर आला की गॅसही अर्धा, सोपं. नायट्रस ऑक्साइडचं, म्हणजे भुलीत वापरतात त्या दुसऱ्या गॅसचं, तसं नाही. तो आत द्रवरूपात असतो, त्यामुळे काटा ७४५ पीएसआयवर ठाण मांडून बसतो. द्रव संपला की मग घसरायला लागतो आणि तोवर सिलिंडरचा पाऊण भाग रिकामा झालेला असतो. सरांनी विचारलं, मग किती उरलाय ते कसं ओळखाल? वर्ग गप्प. मी म्हटलं, वजन करून. आमच्या स्वयंपाकघरात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आई सिलिंडर उचलून बघते, नाहीतर ओलं फडकं फिरवते. जिथवर गॅस असतो तिथवर ओल उशिरा वाळते. फडक्याची गोष्ट मी वर्गात सांगितली, तर सरांनी ती फळ्यावर काढली!

सिम लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायच्या खोलीत, एकदा मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा सराव होता. यात भुलीच्या काही औषधांमुळे ताप जीवघेणा चढतो. ७० किलोचा पुतळा, त्यावरचं औषध डँट्रोलीन, किलोला अडीच मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीच्या एका बाटलीत वीसच मिलिग्रॅम, आणि प्रत्येकीत साठ मिली पाणी घालून हलवायचं. म्हणजे नऊ बाटल्या. चौघीजणी बाटल्या खळाखळा हलवतोय आणि पुतळ्याचा ताप चढतोय.

मग खरे पेशंट सुरू झाले. माझी सातवी केस, हर्नियाचे एक आजोबा. तीन मिनिटं मास्कने ऑक्सिजन दिला. झोपेसाठी प्रोपोफॉल, स्नायू सैल करायला रोक्युरोनियम. डाव्या हातात घशात बघायचा लॅरिंगोस्कोप, उजव्या हातात श्वासनलिकेत घालायची नळी. आवाजाच्या पट्ट्या दिसल्या असं मला वाटलं. नळी सरकवली. नळीत वाफ धरली, छाती हलल्यासारखी वाटली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, शंभर टक्के. आयसीयूतली जुनी सवय, माझी नजर त्या शंभरावरच. शिकवणाऱ्या बाई कॅपनोग्राफकडे, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटांनी दाखवणाऱ्या पडद्याकडे, बघत होत्या. तिथे एक बारका उंचवटा आला आणि मग सरळ रेघ.

"काढ," एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

नळी अन्ननलिकेत गेली होती. वाफ तिथेही धरते. आणि आधी फुप्फुसं ऑक्सिजनने भरून ठेवलेली, त्यामुळे सॅच्युरेशन कितीतरी वेळ शंभरच दाखवत राहतं. नायट्रसच्या काट्यासारखं. परीक्षेत हे मी बरोबर लिहिलं होतं.

नळी काढली, मास्क धरला, अंगठा आणि तर्जनी वरून, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. माझी करंगळी थरथरत होती. पिशवी दाबली आणि पडद्यावर पहिली चौकोनी लाट आली. बाईंनी आजोबांच्या डोक्याखाली आणखी एक घडी सरकवली. दुसऱ्या खेपेला पट्ट्या खरंच दिसल्या, पांढऱ्या, उलट्या व्हीसारख्या. नळी घातल्यावर मी सहा लाटा मोजल्या आणि मगच हात सोडला.

दुपारी रिकव्हरीत आजोबांनी विचारलं, घसा का दुखतोय? मी बाईंकडे पाहिलं. त्या गप्प राहिल्या. मी सांगितलं, नळी दोनदा घालावी लागली, पहिली माझ्याकडून चुकीच्या जागी गेली होती, लगेच काढली. ते क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, बरं, बर्फाचे तुकडे मिळतील का?

मी कप भरून आणले.