हिरादोतले फुकुमात्सूचे घर

जपानमध्ये राहायला आल्यापासून हिरादोला जायचे मनात होते. सासेबोहून बसने निघून, सामुद्रधुनीवरचा लाल झुलता पूल ओलांडून अखेर त्या बेटावर पोहोचले. हिरादो गावाच्या दक्षिणेला कावाची नावाचे छोटे बंदर आहे आणि तेथे झेंग चेंगगोंग या चीनच्या मिंग राजघराण्याशी एकनिष्ठ राहिलेल्या सेनापतीचे बालपणीचे घर आहे. मूळ वास्तू काळाच्या ओघात गेली. त्याच जागी ते घर नव्याने उभारून २०१३ पासून स्मारक म्हणून जपले आहे.

त्याचा जन्म १६२४ चा. आई तागावा मात्सू जपानी, वडील झेंग झीलोंग फुजियानचे दर्यावर्दी व्यापारी आणि चाचेही. शिंपले वेचायला गेलेल्या आईला सेनरिगाहामाच्या पुळणीवरच कळा आल्या आणि एका खडकाच्या आडोशाला ती बाळंत झाली, असे तेथे सांगतात. तो खडक आजही दाखवला जातो. बाळाचे नाव फुकुमात्सू ठेवले. ज्या वर्षी तो जन्मला, त्याच वर्षी वलंदेजांनी (डचांनी) तैवानमध्ये आपला किल्ला बांधायला घेतला. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार तेव्हा हिरादोत होती आणि पुढे आपल्या वेंगुर्ल्यातही झाली, त्यामुळे या घराच्या ओसरीवर बसताना मला फार परके वाटले नाही.

सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला फुजियानला नेले. १६४४ मध्ये बीजिंग पडल्यावर दक्षिणेत तग धरून राहिलेल्या मिंग सम्राटाने त्याला राजघराण्याचे आडनाव बहाल केले आणि त्यावरूनच युरोपीय लोक त्याला कोक्सिंगा म्हणू लागले. १६४६ मध्ये वडील मिंगांची जागा घेणाऱ्या छिंग सत्तेला शरण गेले, त्याच वर्षी आईचा अंत झाला. बावीस वर्षांचा मुलगा मात्र मिंगांच्या बाजूने उभा राहिला. वडिलांची आज्ञा मोडणे त्या समाजात किती जड होते याचा विचार केला, की मला त्याच्या साऱ्या लढायांहून हा एक निर्णय मोठा वाटतो. १६५९ ची नानजिंगची मोहीम फसली. नंतर त्याने तैवान गाठले आणि सुमारे नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर फेब्रुवारी १६६२ मध्ये वलंदेजांना तो किल्ला सोडायला लावला. पुढे काही महिन्यांतच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो वारला.

त्याने लहानपणी लावले असे मानले जाणारे नागीचे झाड या घराजवळ आहे. खाली पडलेले एक पान उचलून पाहिले: मधली शीर नाही, सगळ्या शिरा एकमेकींना समांतर, आणि आडवे फाडायला गेले तर ते चिवटपणे फाटतच नाही. ‘नागी’ या उच्चाराचा दुसरा अर्थ शांत समुद्र, म्हणून खलाशी हे झाड शुभ मानत आले. त्याचा धाकटा भाऊ जपानमध्येच राहिला. बोट दूर जाताना तो आईचा हात धरून याच किनाऱ्यावर उभा असेल का, हा विचार परतीच्या बसमध्येही मनातून जाईना. ते पान वहीत ठेवले आहे.