आल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊस: जमीन जमली, आता छप्पर

दीड महिन्याने लिहितोय. इंग्लंडच्या ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन क्लर्जी हाऊसचं १:५० मॉडेल सांगाड्याच्या पुढे सरकलंय.

हे घर चौदाव्या शतकातलं. नाव पाद्र्याचं असलं तरी बांधलं शेतकऱ्यासाठी. पुढे ते चर्चकडे गेलं, आणि नंतर त्यात मजुरांची बिऱ्हाडं राहिली. पार मोडकळीला आल्यावर १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्टने (जुन्या वास्तू जपणारी तिथली संस्था) ते १० पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत.

माझा जीव जडलाय तो मधल्या हॉलवर. जमिनीपासून वाशांपर्यंत सगळं मोकळं. वील्डन या आग्नेय इंग्लंडमधल्या जुन्या घरबांधणीच्या पद्धतीत दोन्ही टोकांच्या खोल्या दुमजली, वरचा मजला पुढे आलेला, पण छप्पर एकच आणि वळचण सरळ रेषेत. म्हणून हॉलची भिंत आत राहते आणि तिच्यापुढे वळचणीची तुळई अधांतरी, बाकदार टेकूंवर. तिथे पडणारी सावली हाच या घराचा चेहरा. माझी बालसाची (मॉडेलसाठीचं हलकं, मऊ लाकूड) तुळई दोनदा वाकली. आता सागाची पट्टी लावलीय, टेकू बांबूच्या कामट्या वाफेवर वाकवून केलेत. आठवडा झाला, तसूभर हललेली नाही.

जमिनीने मात्र खूप शिकवलं. मूळ घरात खडू कुटून, त्यावर आंबट दूध घालून ती घट्ट केलेली आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन खडूला धरून ठेवतं. मी हार्डवेअरच्या दुकानातली चॉक पावडर आणि नासलेलं दूध घेतलं. पहिला थर तीन मिलिमीटरचा दिला आणि पंख्याखाली ठेवला, रात्रीत भेगाळला. खरवडून पुन्हा केलं: कागदाएवढे पातळ थर, प्रत्येक सावलीत सुकवायचा आणि चमच्याच्या पाठीने घोटायचा. सहाव्या थरानंतर बोट फिरवलं तर अंड्याच्या कवचासारखं लागलं! वास दोन दिवस राहतो, खिडकी उघडी ठेवा.

लाकडाला काळा रंग देऊ नका. उघडा ओक उन्हापावसात रुपेरी करडा होतो. मी आधी कडक चहाचा हात दिला, मग स्टील वूल भिजवलेलं व्हिनेगर. नुसतं लावलं तर कोळसा होतो. निम्मं पाणी घातल्यावर हवा तो करडा आला.

आता शाकारणी. सुतळी उकलून, विंचरून जुड्या बांधल्यात, पण पाखी जिथे वळतात त्या कोपऱ्यावर त्या फाकतात. काथ्या वापरून कुणी केलंय का? फोटोसकट सांगा.