टायरवरचा ‘ए’ म्हणजे पहिला नंबर नव्हे

अमेरिकेत नव्याने आलेला मराठी माणूस जुनी गाडी घेताना मायलेज बघतो, अपघाताचा इतिहास काढतो, बॉनेट उघडून उगाच आत डोकावतो. टायरच्या वाट्याला बुटाच्या टोकाची एक ठोकर, बस्स. फारच चौकस असला तर वाकून बाजूची ठसठशीत अक्षरं वाचतो: ट्रेडवेअर ५००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए. दोन्हीकडे ए बघून जीव भांड्यात पडतो. गुणपत्रिका वाचत लहानाचे मोठे झालेले आपण. ए म्हणजे वर्गात पहिला, यात विचारायचं काय?

ट्रॅक्शनच्या, म्हणजे ओल्या रस्त्यावरच्या पकडीच्या, परीक्षेत ए हा दुसरा नंबर आहे. पहिला ‘एए’, मग ए, मग बी, मग सी. एए ही श्रेणी १९९० च्या दशकात मागाहून जोडली. बाजारातले बहुतेक टायर ए मध्येच बसतात, म्हणजे सगळा वर्गच ‘फर्स्ट क्लास’. आता हा पेपर कसा काढतात ते ऐका, कारण खरी चीड तिथे आहे.

टेक्सासमध्ये सॅन अँजेलो नावाचं गाव आहे. तिथे एक डांबरी पट्टा आणि एक काँक्रीटचा पट्टा ठेवलाय. टायर एका खास ट्रेलरला लावायचा, पट्टा ओला करायचा, ताशी ४० मैलांनी, म्हणजे साधारण ६४ किलोमीटरने ओढायचा आणि ब्रेक मारून चाक पूर्ण जाम करायचं. जाम झालेलं चाक सरळ रेषेत घसरताना रस्ता किती धरून ठेवतं, तेवढंच मोजायचं. पट्टा आज जास्त गुळगुळीत, उद्या कमी असं होऊ नये म्हणून एका ठरावीक टायरशी तुलना करून आकडा दुरुस्त करतात. मग घर्षणाचा गुणांक डांबरावर ०.५४ च्या आणि काँक्रीटवर ०.३८ च्या वर गेला तर एए. ०.४७ आणि ०.३५ च्या वर असेल तर ए. ०.३८ आणि ०.२६ च्या वर असेल तर बी. त्याखाली सी. दोन्ही पट्ट्यांवर पास व्हावं लागतं.

दशांश चिन्हानंतरचे हे आकडे किरकोळ वाटतात. सूत्रात टाकून बघा. ताशी ४० मैलांवरून चाकं जाम करून थांबायचं, तर ०.५४ ला साधारण ३० मीटर लागतात आणि ०.३८ ला साधारण ४३. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथून दुसरी अजून ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने पुढे चाललेली असते. पुढे कुणाची तरी डिकी असेल तर तिचं काय होईल ते सांगायला नको. तेव्हा बी आणि एए मधला फरक खरा आहे. स्वस्तात मिळतात म्हणून बी वाले चार टायर टाकू नयेत, एवढं तरी ही परीक्षा नीट सांगते.

पण आजच्या गाडीचं चाक जाम होतच नाही! २०१२ च्या मॉडेलपासून इथे प्रत्येक कारला इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण सक्तीचं आहे आणि ते एबीएसच्याच यंत्रणेवर चालतं. एबीएसचं कामच मुळी चाक जाम होऊ न देणं. टायरची सर्वांत घट्ट पकड चाक थोडंसं, साधारण १० ते २० टक्के घसरत असताना मिळते. पूर्ण जाम झालं की ती घटते, ओल्यात तर जास्तच. म्हणजे पायाखालची गाडी ज्या पकडीच्या जोरावर थांबणार, ती मोजलेलीच नाही. जी जवळजवळ कधी वापरात येणार नाही, तिला मात्र मार्क दिलेत. युरोपात टायरच्या लेबलासाठी ट्रेलरवर जवळपास त्याच वेगाला चाचणी घेतात, पण ती जाम होण्याआधीच्या सर्वोच्च पकडीची. ते लेबल वाचलं की अमेरिकेचं हे अक्षर एबीएस यायच्या आधीच्या काळात अडकून पडलंय असं वाटतं, आणि ते खोटंही नाही. मुळात असली श्रेणी असावी हा आदेश १९६६ च्या कायद्यातला.

वळणावरची पकड यात नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगणं नाही. कोरडा रस्ता नाही, बर्फ नाही. आणि झिजलेला टायर तर नाहीच. श्रेणी कोऱ्या नक्षीची असते.

वर कडी म्हणजे ही श्रेणी सरकार देत नाही. टायर कंपनी स्वतः चाचणी करते किंवा करवून घेते आणि स्वतःच साच्यात अक्षर कोरते. सरकार हवे तेव्हा टायर उचलून तपासू शकतं, खोटं निघालं तर कारवाई होते. पण पेपर सोडवणारा आणि तपासणारा एकच. आपल्याकडे असं काही झालं असतं तर ‘बघा, इथे असंच चालणार’ म्हणत चहाचे दोन कप संपले असते. इथे त्याला ‘सेल्फ सर्टिफिकेशन’ म्हणतात आणि कुणाची भुवईही वर जात नाही.

अर्थात त्याच अक्षरांना एक मान द्यावाच लागतो: सगळ्या कंपन्यांचे टायर एकाच पट्टीने मोजून, रबरात कोरून, गिऱ्हाईकासमोर ठेवलेत. गिऱ्हाईक वाचत नाही, हा गिऱ्हाईकाचा दोष.

ट्रेडवेअरच्या, म्हणजे झिजेच्या, आकड्याचा गैरसमज तर त्याहून गोड. ५०० म्हणजे ५० हजार मैल, असं खुशाल सांगणारे भेटतात. तसं नाही. सॅन अँजेलोभोवतीच्याच ४०० मैलांच्या सार्वजनिक रस्त्यांच्या फेरीवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल पळवतात, मधूनमधून नक्षीची खोली मोजतात आणि सोबतच्या प्रमाण टायरशी तुलना करून पुढच्या झिजेचा अंदाज बांधतात. १०० हा पाया. ५०० वाला त्याच रस्त्यावर त्याच्या पाचपट टिकेल, इतकाच अर्थ. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला आकडा बरा. दोन कंपन्यांमध्ये हातचं राखून घ्यावा. कारण चाचणीत निघाला त्यापेक्षा मोठा आकडा छापता येत नाही, लहान मात्र खुशाल छापता येतो. हौशी शर्यतींच्या क्लबांत ‘ट्रेडवेअर किमान २००’ अशी अट असते, तर नेमके २०० छापलेले, च्युइंगगमसारखे चिकट टायर बाजारात हजर! आकडा टायरवर नाही, अटीवर बेतलेला.

टेंपरेचरचं थोडक्यात आटोपतं. प्रयोगशाळेत ड्रमवर टायर पळवायचा. ताशी ११५ मैलांच्या पुढे उष्णता सोसली तर ए, १०० ते ११५ मध्ये बी, ८५ ते १०० मध्ये सी. हे सगळं हवा बरोबर असेल तरच. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते आणि ए वालाही ॲरिझोनाच्या उन्हात चिंध्या होतो.

हवा किती भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. साइडवॉलवरचा आकडा जास्तीत जास्त दाबाचा. खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर, आणि तो थंड टायरचा. पारा १० अंश फॅरनहाइट उतरला की दाब साधारण १ पीएसआय उतरतो, म्हणून पहिल्या थंडीत सगळ्यांच्या डॅशबोर्डवरचे कमी हवेचे दिवे एकदम पेटतात. पण दिव्याच्या भरवशावर राहू नका: नियमाप्रमाणे तो २५ टक्के हवा कमी झाल्यावर पेटला तरी चालतो. कागदावर ३२ असेल तर २४ पर्यंत गाडी गप्प राहू शकते. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा नाही, सेन्सरची यंत्रणा बिघडली आहे.

बर्फाच्या राज्यात राहणाऱ्यांसाठी वेगळी लिपी. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ते अक्षर नक्षीच्या खाचांच्या आकारावरून मिळतं, बर्फावर चालवून नव्हे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण हवी. ती दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवल्यावरच मिळते. तीही वेग घेतानाची पकड. काचेसारख्या बर्फावर थांबण्याची हमी त्यात नाही. खास हिवाळी टायरवर वरच्या तीन श्रेणी सापडल्या नाहीत तर दचकू नका, त्यांना त्यातून सूट आहे. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे नक्षीची खोली किमान ३/१६ इंच लागते. म्हणजे बाकी अनेक राज्यांच्या २/३२ इंचाच्या तिप्पट. डेन्व्हरला भाड्याने गाडी घेऊन बर्फ बघायला निघणाऱ्या पाहुण्यांनी हे चावी घेतानाच तपासावं.

नक्षी मोजायला हत्यार लागत नाही. एक सेंटचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून खाचेत घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर २/३२ सुद्धा उरलेलं नाही, टायर गोटा. पण पावसासाठी तिथवर वाट बघणं म्हणजे छत्री फाटल्यावर शिवायला बसणं. पाव डॉलरचं नाणं तसंच घाला. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर ४/३२ च्या खाली आलात, नवीन टायर बघायला लागा. सुट्टीत येणारे काका-मामा इथे हमखास म्हणतात, ‘अरे, अजून वर्षभर आरामात चालेल.’ त्यांचं चूक नाही. तिकडच्या गर्दीत तासाला ३० किलोमीटरने जाताना चालतंही. इथे मुसळधार पावसात आजूबाजूचा ट्रक ताशी ७० मैलांवरून खाली यायला तयार नसतो. आपण टायर लवकर बदलतो ते काही डॉलर उतू जातात म्हणून नव्हे.

नाणं एकाच जागी घालून उठू नका. आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट गेलंय. जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघा. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडून सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

जुन्या गाडीच्या टायरचं वय ‘डॉट’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटच्या चार अंकांत असतं. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, नक्षी कितीही कोरी दिसो. हे चार अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू गाडीखाली, आतल्या अंगाला आलेली असते. पुढच्या चाकांचं स्टीअरिंग पूर्ण वळवून वाचता येतं. मागच्यासाठी मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर आडवं व्हा, विकणारा कितीही घाईत असला तरी. आणि डिकीतली स्टेपनी काढून तिचेही चार अंक वाचा. बारीक गोल स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय हवा लागते, आणि ती कुणीच भरलेली नसते.