छपराखालची बाई

जपानी लिपी शिकताना मी पहिलं अक्षर गिरवलं ते 'आ'. ते ज्या चिनी चिन्हावरून आलं त्यात वर छप्पर आहे, खाली बाई. अर्थ काय, तर शांतता! त्या चिन्हापाशी मी बराच वेळ थांबले.

कारण हेइआन काळात, म्हणजे 794 ते 1185 मध्ये, दरबारी घराण्यांत ते छप्पर अनेकदा बाईचंच असे. मुलीला घर वारशाने मिळे, नवरा तिच्याकडे येई. त्याआधी तर सुइको, जितो अशा सम्राज्ञींनी राज्य केलं. पण घर तुझं असलं तरी नवरा किती बायकांकडे जाईल यावर तुझं काही चालायचं नाही. वाट बघायची, बस्स.

मला सगळ्यात जवळची वाटते मुरासाकी शिकिबू, त्याच काळातली, 'गेंजीची कथा' लिहिणारी दरबारी लेखिका. भाऊ चिनी शिकायला बसे, ही शेजारी बसून ऐके आणि त्याच्या आधी पाठ करून मोकळी होई. वडील हळहळत, ही मुलगा असती तर! पुढे लोक बोलतील म्हणून तिने 'एक' हा आकडासुद्धा लिहिता येत नसल्यासारखं दाखवलं. 'एक' म्हणजे नुसती आडवी रेघ हो! हे वाचून मला खरंच भरून आलं. तीच बाई राणी शोशीला चोरून चिनी कविता शिकवत होती.

आणि तिचं खरं नाव? ते कुठे नक्की नोंदलेलंच नाही. 'शिकिबू' हे वडिलांच्या खात्याचं नाव.

आज वहीत मी एक आडवी रेघ काढली. तिच्यासाठी.